चिखलाने सांभाळलेलं शहर

व्हेनिसमध्ये कुणी आजारी पडलं, की रुग्णवाहिका भोंगा वाजवत कालव्यातून येते. आग लागली तर बंबही पाण्यातूनच धावतो, लाल रंगाच्या बोटीत. पोस्टाची पार्सलं, भाजीच्या पेट्या, घर बांधायची वाळू, नवं कपाट, रोजचा कचरा, सगळं बोटीतून ये-जा करतं. जुन्या शहरात मोटारी नाहीत, स्कूटर नाहीत, सायकल चालवायलाही परवानगी नाही. शाळेत जायचं तर पायी जा, नाहीतर व्हापोरेत्तो नावाच्या बोटीतून जा. ही तिथली बस. तिचा थांबासुद्धा पाण्यावर तरंगणारा. शेजारून मोठी बोट गेली, की थांब्यासकट सगळे प्रवासी डुलतात!

पण मला आज तुम्हाला होड्यांच्या खाली न्यायचंय. पाण्याच्याही खाली. तिथे चिखल आहे, आणि या शहराची खरी गंमत त्या चिखलात दडली आहे.

आधी इटलीचा नकाशा उघडा. उजव्या बाजूला एड्रियाटिक समुद्राची लांब, चिंचोळी पट्टी दिसेल. तिच्या अगदी वरच्या टोकाशी व्हेनिस आहे. मात्र शहर थेट समुद्रात नाही. आल्प्स पर्वतातून येणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला. लाटांनी आणि प्रवाहांनी त्यातून वाळूचे लांबच लांब दांडे रचले, आणि दांड्यांच्या आतल्या बाजूला उथळ, खाऱ्या पाण्याचं खाजण तयार झालं. भूगोलात चिलिका सरोवर वाचलंत ना? त्याच जातीचं हे. पसारा साधारण ५५० चौरस किलोमीटर. बऱ्याच ठिकाणी पाणी इतकं उथळ, की मोठा माणूस उभा राहिला तर छातीच्या वर येणार नाही. समुद्राचं पाणी आत-बाहेर करायला तीनच तोंडं आहेत: लिदो, मालामोक्को आणि किओज्जा. ही तीन तोंडं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

अशा दलदलीत राहायला कोण गेलं असेल? ज्यांना जीव वाचवायचा होता ते. रोमन साम्राज्य मोडकळीला आलं, तेव्हा पाचव्या-सहाव्या शतकात किनाऱ्यावरच्या शहरांवर टोळ्यांचे हल्ले होऊ लागले. माणसं पळून खाजणातल्या बेटांवर गेली. घोड्यावरच्या सैनिकाला चिखल ओलांडता येत नाही, आणि होडीने यायचं तर खोल पाण्याची नेमकी वाट ठाऊक हवी. ती फक्त इथल्या कोळ्यांना माहीत. किल्ल्याची भिंत न बांधताच ही माणसं सुरक्षित झाली! पुढे छोटी छोटी बेटं एकमेकांना पुलांनी जोडली गेली. आज व्हेनिस ११८ बेटांवर वसलंय असं सांगतात, आणि तिथले पूल चारशेच्या वर आहेत.

आता खरा प्रश्न. झोपडी ठीक आहे, पण दगडाचा राजवाडा चिखलावर कसा बांधायचा? तो खचणारच. व्हेनिसच्या कारागिरांनी काय केलं असेल, सांगा बरं.

त्यांनी चिखलात जंगल पेरलं! ओक, लार्च, आल्डर, एल्म अशा झाडांचे खुंट आणले. पुष्कळसं लाकूड डोंगरातलं. त्याचे तराफे बांधून पियावे नदीतून खाली आणत. एकेका खुंटाचं टोक तासायचं आणि तो चिखलात उभा ठोकायचा. वजनदार ठोकळा दोघांनी किंवा अधिक जणांनी मिळून उचलायचा आणि खुंटावर आपटायचा. सगळ्यांचे हात एकाच वेळी उठावेत म्हणून हे मजूर गाणी म्हणत. एक खुंट, त्याला खेटून दुसरा, मग तिसरा. खुंट दाट होत गेले, की मधल्या चिखलातलं पाणी पिळून निघतं आणि चिखल घट्ट होतो. काही ठिकाणी खाली कडक चिकणमातीचा थर लागतो. पण कितीतरी खुंट त्या थरापर्यंत पोचतच नाहीत. आवळलेल्या चिखलानेच त्यांना धरून ठेवलेलं असतं. खुंटांच्या डोक्यांवर जाड फळ्या, फळ्यांवर इस्त्रिया प्रांतातून आणलेला पांढरा दगड, आणि मग त्यावर विटांची भिंत.

किती खुंट लागत असतील? ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यावरचा रिआल्तोचा दगडी पूल १५८८ ते १५९१ या काळात बांधला. त्या एका पुलाखाली सुमारे १२,००० खुंट आहेत. सांता मारिया देल्ला सालूते या मोठ्या घुमटाच्या चर्चखाली तर दहा लाखांहून जास्त खुंट ठोकले, असं जुन्या नोंदी सांगतात.

तुमच्या मनात आलंच असेल, की लाकूड पाण्यात कुजत कसं नाही? उत्तर चिखलातच आहे. लाकूड कुजवणारी बुरशी आपल्यासारखीच श्वास घेते, तिला ऑक्सिजन लागतो. खोल चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून बुरशी तिथे जगू शकत नाही. हवेशिवाय जगणारे काही जीवाणू मात्र असतात. ते लाकूड खातात, पण फार सावकाश, शतकानुशतकं. त्यांनी पोखरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी भरून राहतं, त्यामुळे लाकडाचा आकार टिकतो आणि भोवतीचा चिखल त्याला आवळून ठेवतो. खुंटांचा दगड झाला, असं पुष्कळ पुस्तकांत छापलेलं असतं. ते खरं नाही. ते लाकूडच आहे.

याचा पुरावा एका मोठ्या दुर्घटनेने दिला. सान मार्को चौकात उंचच उंच घंटाघर आहे. याच मनोऱ्यावरून गॅलिलिओने १६०९ मध्ये व्हेनिसच्या कारभाऱ्यांना आपली दुर्बीण दाखवली होती. १४ जुलै १९०२ रोजी सकाळी ते अख्खं घंटाघर कोसळलं. आधीच तडे दिसल्यामुळे चौक रिकामा केला होता, म्हणून एकही माणूस दगावला नाही. पहारेकऱ्याची मांजर तेवढी गेली बिचारी. ढिगारा उपसून पाया तपासला, तर सुमारे हजार वर्षांपूर्वी ठोकलेले खुंट धडधाकट निघाले! ते तिथेच ठेवले, शेजारी आणखी खुंट ठोकून पाया रुंद केला, आणि १९१२ मध्ये हुबेहूब तसंच घंटाघर पुन्हा उभं राहिलं. जुन्या चिखलावर माझा तर यामुळे फार जीव जडलाय.

आणि हेच लाकूड चिखलाबाहेर ठेवलं तर? खाजणात बोटींना खोल वाट दाखवायला जागोजागी ओकचे खांब रोवलेले दिसतात. त्यांचा चिखलातला भाग शाबूत राहतो, पण पाण्यातला भाग टेरेडो नावाचा प्राणी आतून पोखरून काढतो. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तर लाकूड एकदा ओलं, एकदा कोरडं होतं, तिथे बुरशीही येते. मधोमध झिजून बारीक झालेला खांब पाहिलात, की कुठे हवा होती, कुठे पाणी होतं आणि कुठे चिखल होता, ते त्याच्या अंगावरच वाचता येतं.

एवढ्या पाण्यात राहणाऱ्या माणसांना प्यायला मात्र थेंबभर पाणी नव्हतं. सगळं खारट. विहीर खणली तरी खारट. मग? पावसाचं पाणी साठवायचं. व्हेनिसचा जवळजवळ प्रत्येक चौक म्हणजे एक छुपी गाळणी होती. चौकाखाली काही मीटर खोल मोठा खड्डा खणत. खारं पाणी आत झिरपू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी चिकणमातीचं जाड अस्तर देत. म्हणजे इथेही चिखलच कामाला आला! खड्डा वाळूने भरायचा आणि मधोमध विटांची उभी नळी बांधायची. फरसबंदीला असा उतार द्यायचा, की चौकात पडलेलं आणि आसपासच्या छपरांवरून पन्हाळीने आलेलं पाणी भोकं पाडलेल्या दगडांतून खाली जावं. वाळूतून झिरपत, गाळलं जात ते मधल्या नळीत जमा होई. वरून पोहरा सोडायचा आणि प्यायचं. अशी हजारो टाकी शहरात होती. उन्हाळ्यात ती आटली, की ब्रेन्टा नदीचं पाणी होड्यांनी आणून त्यांत ओतत. १८८४ मध्ये नळाचं पाणी आलं आणि टाकी बंद पडली. पण त्यांच्या तोंडाशी बसवलेली कोरीव दगडी कठडी अजून चौकाचौकांत आहेत. पर्यटक त्यांच्याजवळ फोटो काढून पुढे जातात. तुम्ही गेलात तर खाली वाकून ते भोकांचे दगड शोधा.

चौकातून पुन्हा कालव्याकडे येऊ. गोंडोला नावाची काळी, बाकदार होडी चित्रांत पाहिली असेलच. ती साधारण अकरा मीटर लांब असते आणि मुद्दाम वाकडी बांधलेली असते! तिची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटीमीटर रुंद असते. कारण वल्हवणारा एकच, आणि वल्हंही एकच, उजव्या बाजूला. होडी सरळ असती तर प्रत्येक वल्ह्यासरशी डावीकडे वळत गेली असती. वाकडेपणामुळे ती सरळ जाते.

आता इतके राजवाडे, इतकी चर्च बांधायला पैसा आला कुठून? त्याचं एक उत्तर थेट आपल्याकडे येतं. मलबारची मिरी आणि इतर मसाले अरबी व्यापाऱ्यांमार्फत इजिप्तपर्यंत जात, तिथून व्हेनिसची जहाजं ती उचलत आणि साऱ्या युरोपला विकत. मोबदल्यात पूर्वेकडे सोनं येई. व्हेनिसने १२८४ मध्ये डुकॅट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोनं जवळजवळ शुद्ध, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. हे नाणं आपल्याकडे आलं, त्यावरच्या उभ्या आणि गुडघे टेकलेल्या आकृत्यांमुळे त्याला पुतळी म्हणू लागले, आणि बायकांनी ते गळ्यात ओवलं. घरात कुणाची पुतळ्यांची माळ असेल, तर तिचं मूळ व्हेनिसच्या टाकसाळीत आहे.

चला, आता बोट पकडू आणि बेटांवर जाऊ. उत्तरेच्या धक्क्यावरून निघालं, की आधी सान मिकेले लागतं. विटांची भिंत, आत सायप्रसची उंच झाडं. ही शहराची दफनभूमी आहे. तिला ओलांडलं की मुरानो.

मुरानोवर काच बनते. १२९१ मध्ये व्हेनिसच्या सरकारने हुकूम काढला, की काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानोवर न्या. शहरात लाकडाची घरं पुष्कळ, आणि भट्टीची एक ठिणगी पुरे. शिवाय सगळे कारागीर एका बेटावर असले, की त्यांची गुपितंही बेटावरच राहतात! परवानगीशिवाय कारागिराने व्हेनिसचं राज्य सोडणं हा गुन्हा होता. तरी सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी आरसे बनवणारे काही कारागीर फितवून पॅरिसला नेलेच.

काच म्हणजे वितळलेली वाळू. पण नुसती वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते, आणि तेवढी तापणारी भट्टी त्या काळी नव्हती. युक्ती अशी, की वाळूत सोडा मिसळला तर ती बरीच लवकर वितळते. हा सोडा कुठून यायचा? सीरिया आणि इजिप्तकडच्या खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपं जाळून, त्यांच्या राखेतून. पण वाळूत थोडं लोह असतं, त्याने काच हिरवट होते. पंधराव्या शतकाच्या मध्यावर आंजेलो बारोव्हिएर या कारागिराने राख शुद्ध करून, पांढरेशुभ्र गारगोटे दळून आणि चिमूटभर मँगनीज घालून पाण्यासारखी नितळ काच बनवली. आज खिडकीच्या काचेकडे आपण लक्षही देत नाही, पण तेव्हा राजेरजवाडे अशा पेल्यासाठी वाट पाहत.

भट्टीसमोर उभं राहिलं की धग तोंडावर येते. कारागीर लांब पोकळ नळीच्या टोकावर काचेचा गोळा घेतो. तो तापून केशरी झालेला आणि काकवीसारखा ओघळणारा असतो, म्हणून नळी सतत फिरवत राहावी लागते. फुंकर घातली की गोळा फुगतो. न फुगवता चिमट्याने इथे ओढलं, तिथे दाबलं, की मिनिटभरात चार पायांवर उभा घोडा! निळा रंग हवा असेल तर कोबाल्ट, हिरवा-मोरपंखी हवा तर तांबं, आणि लालबुंद हवा तर चक्क सोनं मिसळतात. तयार वस्तू लगेच बाहेर ठेवत नाहीत. बाहेरची काच आधी थंड होऊन आकसली आणि आतली गरमच राहिली, तर ताण येऊन ती तडकेल. म्हणून वेगळ्या भट्टीत ती तासन् तास हळूहळू निववतात.

पुढचं बेट बुरानो, कोळ्यांचं. इथलं प्रत्येक घर वेगळ्या भडक रंगाचं. दाट धुक्यात परतणाऱ्या कोळ्याला आपलं घर ओळखू यावं म्हणून असे रंग दिले, असं सांगतात. आजही घर रंगवायचं तर नगरपालिकेला विचारावं लागतं. इथल्या बायका सुईने लेस विणतात. तयार लेसखाली कापड उरत नाही, नुसते दोऱ्याचे टाके, जणू हवेत घेतलेले! एकेक बाई एकेका टाक्यात तरबेज, त्यामुळे एक नक्षी पुरी व्हायला ती अनेक हातांतून फिरते.

बुरानोच्या समोरच तोर्चेल्लो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, जरी इथे पाहायला सगळ्यात कमी आहे. व्हेनिसच्या आधी हे बेट भरभराटीला आलं होतं. इथलं मोठं चर्च इसवी सन ६३९ मध्ये उभारायला घेतलं, आणि आतल्या भिंतींवर रंगीत तुकड्यांची भव्य चित्रं आहेत. एके काळी हजारो माणसं इथे राहत. आज जेमतेम डझनभर राहतात. काय झालं?

चिखल झाला! नद्यांचा गाळ येत राहिला, कालवे बुजले, बोटी येईनाशा झाल्या. गोडं पाणी साचून डास वाढले आणि हिवतापाने माणसं हैराण झाली. लोक उठून व्हेनिसला गेले, आणि ओस पडलेल्या घरांचे दगड-विटाही होड्यांत घालून व्हेनिसच्या बांधकामांना नेले.

व्हेनिसकरांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आपलीही अशीच गत होऊ नये म्हणून त्यांनी नद्याच वळवल्या! ब्रेन्टा, पियावे, सिले अशा नद्यांची मुखं, शतकानुशतकं खणून, खाजणाच्या बाहेर समुद्रात नेली. हाताने, फावड्यांनी. खाजण वाचलं. पण आता उलटाच प्रश्न आलाय. नवा गाळ येत नाही, जुना लाटांनी आणि मोटरबोटींच्या हेलकाव्यांनी धुपून समुद्रात जातो. ज्या दलदलींत पक्षी आणि माशांची पिल्लं वाढतात, त्या झिजत चालल्यात. म्हणून अलीकडे कालव्यांतून उपसलेला गाळ वापरून दलदली पुन्हा तयार करायचं काम चालतं.

आणि पाणी? कोकणातल्या मुलांना उधाण आणि भांग माहीत असतात. मुंबईला मोठ्या उधाणाला समुद्र चार-पाच मीटर वर-खाली होतो. व्हेनिसला मीटरभरच होतो. मग बुडतं कोण? व्हेनिस! कारण ते मीटरभराच्या हिशेबानेच बांधलंय. अमावास्या-पौर्णिमेची भरती असली, हवेचा दाब कमी झाला आणि त्यातच आग्नेयेकडून सिरोक्को वारा सुटला, की तो चिंचोळ्या एड्रियाटिकचं पाणी वरच्या बंद टोकाकडे ढकलत नेतो. पाण्याला पुढे जायला जागाच नाही, ते खाजणात शिरतं. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी मोजपट्टीवर १९४ सेंटीमीटर चढलं. १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७. दुकानं, पुस्तकं, चर्चच्या फरशा, सगळं खाऱ्या पाण्यात. पाणी ओसरतं, पण भिंतींना लोणा लागतो. विटांत शिरलेल्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि वीट आतून फोडतात.

आठवतात ती तीन तोंडं? तिथे आता समुद्राच्या तळाशी ७८ प्रचंड दरवाजे निजवले आहेत. नाव मोझे. एरवी त्यांच्या पोटात पाणी असतं, म्हणून ते बुडालेले राहतात. मोठी भरती येणार असं दिसलं, की त्यांच्यात हवा दाबून भरतात. पाणी बाहेर पडतं, दरवाजे हलके होऊन वर उठतात आणि समुद्र अडतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ते पहिल्यांदा खऱ्या भरतीत उचलले, आणि सान मार्को चौक कोरडा राहिला. तुम्हीही करून पाहा: बादलीत प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरून बुडवा, तोंड खाली ठेवा, आत नळी घालून फुंका. पाणी बाहेर, बाटली वर!

पण दरवाजे कायम बंद ठेवता येत नाहीत. खाजणाचं पाणी समुद्राशी अदलाबदल झालं नाही, तर ते घाण होईल, आणि बंदरातली जहाजंही अडतील. समुद्र दरवर्षी थोडा थोडा चढतोय, म्हणजे दरवाजे जास्त वेळा उचलावे लागणार. त्यात शहर स्वतः खाली गेलंय. विसाव्या शतकात खाजणापलीकडच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी उपसलं, आणि मातीतलं पाणी निघून गेल्यावर व्हेनिस दहा-बारा सेंटीमीटर खचलं. १९७० नंतर हा उपसा थांबवला.

यावरूनच पादोव्हा विद्यापीठातल्या संशोधकांना एक कल्पना सुचली. पाणी उपसल्यावर शहर खाली जातं, तर खोल वाळूच्या थरांत समुद्राचं पाणी दाबून भरलं तर ते वर येईल का? त्यांच्या हिशेबाने सुमारे पाव मीटर तरी येईल. मात्र सगळीकडची जमीन सारखीच उचलली गेली पाहिजे, नाहीतर एक टोक वर, एक खाली, आणि भिंतींना तडे जातील. म्हणून आधी एखाद्या मोकळ्या जागी विहिरी खणून, जमीन किती आणि कशी उचलली जाते ते मिलिमीटरपर्यंत मोजून पाहा, असं ते सांगतात.